चावडीवरचा महायुद्धाचा दगड: फोटो किती आणि कसा सुधारावा? (आकडा तीन की आठ?)

कृष्णाकाठ | १४ डिसेंबर, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

आमचं गाव सातारा जिल्ह्यात. जुन्या चावडीच्या भिंतीत एक पांढरा संगमरवरी दगड बसवलेला आहे, साधारण दोन फूट रुंद, दीड फूट उंच. त्यावर इंग्रजीत कोरलंय की या गावातून इतके जण १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर गेले आणि त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. एवढंच. नावं नाहीत. लढाई संपल्यावर जिथून जिथून भरती झाली त्या गावांत सरकारने असे दगड लावले. अपशिंगे मिलिटरीचा सगळ्यांना ठाऊक असतो, पहिल्या महायुद्धात त्या एकाच गावातले ४६ जण कामी आले. आमचा दगड कुणाला ठाऊक नाही.

माझ्या आजोबांचे थोरले चुलते त्या युद्धावर गेले ते परत आले नाहीत. घरात त्यांचा फोटो नाही, पत्र नाही, पदक होतं ते दुष्काळात मोडलं म्हणतात. म्हणजे त्यांची खूण म्हणून जे काही उरलंय ते या दगडावरच्या एका आकड्यात आहे. म्हणून हा फोटो मला नीट हवाय. गावच्या शाळेची स्मरणिका निघतेय, त्यात पूर्ण पान मिळालंय.

आता अडचण. भिंत उत्तरेला तोंड करून आहे, त्यामुळे दगडावर ऊन येतच नाही. वर पत्र्याची पडवी, तिची गडद सावली दगडाच्या वरच्या चौथ्या हिश्शावर. खालच्या बाजूला पावसाच्या पाण्याचे ओघळ आणि शेवाळ. समोरून विजेची वायर गेलीय. आणि कुण्या वर्षी २६ जानेवारीच्या आधी कुणीतरी हौसेने सगळी अक्षरं लाल ऑइलपेंटने भरून काढलीत, ती आता अर्धी उडालीत.

मी रॉ मध्ये (म्हणजे कॅमेऱ्याची न चेपलेली मूळ फाइल) फोटो काढला, संगणकावर एक्स्पोजर वाढवलं, कॉन्ट्रास्ट वाढवला, क्लॅरिटी साठपर्यंत नेली, शार्पनिंग चढवलं. दगड आता सिमेंटच्या पत्र्यासारखा दिसतोय आणि अक्षरांभोवती पांढरी कड आलीय. सगळ्यात वाईट म्हणजे प्राण दिलेल्यांचा आकडा. प्रत्यक्ष पाहताना तो मला कधी तीन वाटतो, कधी आठ. फोटो मोठा करणाऱ्या एका एआय प्रोग्रॅममधून काढला तर स्वच्छ, सुबक आठ आला. इतका सुबक की मलाच भीती वाटली.

मूळ फोटो आणि माझा उद्योग दोन्ही जोडलेत. काय करू?

---

माणदेशी | १४ डिसेंबर, रात्री १०.०५

भावा, एआयनं आठ दिलाय तर आठच धर की. माझ्या आज्जीचा लग्नातला फोटो असाच केला, डोळं न् डोळं दिसायला लागलं. वायर काढून टाक, आभाळ जरा निळं कर, पडवीचा पत्रा पण उडव. स्मरणिकेत देखणा दिसला पाहिजे.

---

अंधारखोली | १४ डिसेंबर, रात्री १०.५०

कृष्णाकाठ, आधी तुमचा फोटो पाहिला, मग केलेलं काम पाहिलं. मूळ फोटो वाईट नाही. घाईने सगळं एकदम सगळीकडे वाढवलंय, तिथे बिघडलंय.

मी तीस वर्षं डार्करूममध्ये काढली. तिथे आम्ही पूर्ण कागदावर एकच हुकूम कधी चालवला नाही. एन्लार्जरखाली, म्हणजे निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणाऱ्या यंत्राखाली, प्रकाश पडत असताना तारेला चिकटवलेली पुठ्ठ्याची चकती हलवत हलवत काळा पडणारा भाग राखायचा, आणि जिथे पांढरं फटक होतं तिथे हाताच्या ओंजळीतून जादा प्रकाश सोडायचा. डॉज आणि बर्न. हात थांबला की कड उमटते, म्हणून हात सतत हलता. तुमच्या संगणकात तेच करायचंय: पडवीच्या सावलीवर एक मऊ कडेचा मास्क (बदल फक्त तेवढ्याच भागात व्हावा म्हणून आखलेली निवड), तेवढाच भाग पाऊण ते एक स्टॉप उजळा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). ओघळांवर दुसरा मास्क. मधल्या दगडाला हातच लावू नका.

क्लॅरिटी साठ? पंधराच्या वर जाऊ नका. ती पांढरी कड त्यामुळेच आलीय. क्लॅरिटी आणि शार्पनिंग दोन्ही कडेच्या एका बाजूला उजेड आणि दुसऱ्या बाजूला अंधार वाढवतात. कोरलेल्या अक्षराला तर आधीच एक उजेडाची आणि एक सावलीची बाजू असते, तिच्यावर पुन्हा खोटी कड चढली की खोदकामाची खोलीच कळेनाशी होते.

आणखी एक. कॅमेऱ्याचा मीटर पांढरा दगड पाहिला की त्याला राखाडी समजतो आणि फोटो काळा घेतो. पुढच्या वेळी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन अधिक पाऊण ते एक ठेवा, हिस्टोग्राम, म्हणजे कॅमेऱ्यात दिसणारा उजेड-अंधाराचा आलेख, उजव्या भिंतीला टेकू देऊ नका. जो पांढरा भाग घेतानाच जळाला, त्यात नंतर काही सापडत नाही.

---

शिलालेखवाली | १५ डिसेंबर, सकाळी ७.२०

माणदेशी दादा, आज्जींच्या फोटोची गोष्ट वेगळी आहे. तिथे डोळे कसे होते हे सांगणारी माणसं घरात होती. इथे दगडावर काय आहे हाच प्रश्न आहे, आणि तो प्रोग्रॅम दगड वाचत नाही. त्याने लाखो आकडे पाहिलेत, त्यातला जवळचा वाटला तो त्याने इथे काढून ठेवला. कृष्णाकाठ, तो आठवाला फोटो कृपया वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि फाइलच्या नावातच ‘वापरू नये’ लिहा. असे फोटो चुकून व्हॉट्सॲपवर जातात आणि दोन वर्षांनी तेच पुरावा म्हणून परत येतात.

आता कामाचं. मी वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांचे स्मारकदगड) आणि शिलालेखांचे फोटो काढते. झिजलेल्या दगडाचं एकच तंत्र आहे: प्रकाश दगडाला चाटून गेला पाहिजे. समोरून पडलेला उजेड खाच भरून टाकतो, बाजूने दहा-पंधरा अंशांत आलेला उजेड प्रत्येक खाचेत सावली ओढतो. वीरगळांवर घोडेस्वाराचा लगामसुद्धा असा सकाळी सात वाजता दिसतो आणि अकराला नाहीसा होतो. तुमच्या दगडावर ऊन येत नाही म्हणजे दिवसभर आभाळाचा सपाट उजेडच पडतो. त्या फोटोत जी सावली कधी पडलीच नाही ती कुठल्याही स्लायडरने येणार नाही. संपादनाच्या आधी पुन्हा फोटो काढावा लागेल.

दोन मार्ग आहेत.

दिवसा: कपाटाचा मोठा आरसा घ्या. एका माणसाला चावडीसमोर, पण एका कडेला, जिथे ऊन आहे तिथे वीस-पंचवीस फुटांवर उभं करा. आरशाने ऊन भिंतीवर तिरपं टाकायचं. हात जराही हलला की कवडसा नाचतो, म्हणून आरसा खुर्चीला टेकवा.

रात्री: ट्रायपॉड, आयएसओ १००, एफ ८, चार-पाच सेकंद, आणि एक चांगली बॅटरी (टॉर्च). बॅटरी दगडाजवळ धरू नका, सहा-सात फूट लांब पण भिंतीला जवळजवळ समांतर. कॅमेरा तसाच ठेवून आठ फोटो घ्या: वरून, खालून, डावीकडून, उजवीकडून आणि चार तिरप्या दिशांनी. याचीच शास्त्रशुद्ध रीत म्हणजे आरटीआय (रिफ्लेक्टन्स ट्रान्सफॉर्मेशन इमेजिंग). तिचं मूळ तंत्र एचपी या संगणक कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झालं आणि २००१ साली प्रसिद्ध झालं. त्यात चकचकीत गोळा शेजारी ठेवून पन्नासेक फोटो घेतात आणि मग संगणकावर हवा तसा प्रकाश फिरवता येतो. तुम्हाला आठ पुरतील.

छापण्यासाठी वरून-डावीकडून आलेल्या उजेडाचा फोटो निवडा. खालून उजेड असला की डोळा फसतो, कोरलेलं अक्षर उठावाचं वाटायला लागतं.

---

माणदेशी | १५ डिसेंबर, सकाळी ८.१०

ताई, पटलं. मी आपलं देखणेपणाचं बघत होतो. मग त्या खाचांत पांढरी रांगोळी चोळली तर? नाहीतर शेवाळ ॲसिडनं धुवून काढायचं, फरशी धुतो तसं.

---

शिलालेखवाली | १५ डिसेंबर, सकाळी ८.२५

नाही, नाही, नाही! संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. ॲसिड पडलं की तो फसफसतो म्हणजे दगडच विरघळतो, आणि आधी जाते ती अक्षराची धार. एका धुण्यात शंभर पावसाळ्यांची झीज होईल. रांगोळी, खडू, पीठ, काही चोळायचं नाही. त्यांचे कण बारीक भेगांत बसतात आणि चोळताना घासतात ते वेगळंच. शेवाळ काढायचंच असेल तर साधं पाणी आणि मऊ नायलॉनचा ब्रश, तेही ग्रामपंचायतीला विचारून. तारेची घासणी नको. फोटोसाठी तर काहीच करायला नको, शेवाळ संगणकावर हाताळता येतं.

---

सुभेदार_निवृत्त | १५ डिसेंबर, दुपारी १.४५

मराठा लाइट इन्फंट्रीत २८ वर्षे सेवा केली. फोटोग्राफीतलं कळत नाही, पण दोन गोष्टी सांगायच्या आहेत.

तुमच्या संपादित फोटोत दगड चारी बाजूंनी कापून फक्त मजकूर ठेवला आहे. कृपया असं करू नका. मूळ फोटोत दगडाखाली एक लहान कट्टा दिसतो आणि त्यावर सुकलेला हार आहे. म्हणजे कुणीतरी तिथे येऊन हार ठेवतं. तो कचरा समजून पुसू नका. स्मारक म्हणजे दगड आणि त्याच्याकडे येणारी माणसं, दोन्ही.

दुसरं, त्या वेळी आपली माणसं मुख्यतः कुठे गेली हे स्मरणिकेत चार ओळींत लिहा. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी ६ व्या पुणे डिव्हिजनमध्ये मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये होत्या. तिथल्या कूत शहरात तुर्कांनी त्यांना घातलेला वेढा ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. उपासमार, मग शरणागती, मग वाळवंटातून कैदेत पायपीट. त्यात गेलेल्या कित्येकांना थडगंही नाही. बसऱ्याच्या स्मारकावर हिंदी फौजेच्या अधिकाऱ्यांची नावे कोरली आणि साध्या शिपायांचा पलटणवार फक्त आकडा दिला. म्हणून तुमच्या चावडीवरचा आकडा नीट वाचला गेला पाहिजे. तिकडेही आकडा आणि इकडेही आकडा, आणि तोही चुकीचा छापायचा, हे बरं नव्हे.

---

कृष्णाकाठ | १५ डिसेंबर, रात्री ९.१५

सुभेदार साहेब, हार माझ्या लक्षातच आला नव्हता. आईला फोन करून विचारलं. गावातली एक वयस्क बाई दर दसऱ्याला ठेवते म्हणाली. मी इतकी वर्षं गावी जातोय, मला माहीत नव्हतं.

हार राहील. कट्टा राहील. शनिवारी गावी जातोय, बॅटरी आणि ट्रायपॉड घेऊन.

---

पायपीट | १६ डिसेंबर, सकाळी १०.३०

एक शंका. युद्ध १९१८ ला संपलं ना? दगडावर १९१९ आहे ती कोरणाऱ्याची चूक असेल तर फोटोत दुरुस्त करावी का? मुलं चुकीचं शिकतील.

---

सुभेदार_निवृत्त | १६ डिसेंबर, सकाळी ११.१०

चूक नाही. ११ नोव्हेंबर १९१८ ला शस्त्रसंधी झाली, म्हणजे गोळीबार थांबला. व्हर्सायचा तह २८ जून १९१९ चा. त्यामुळे त्या काळच्या पुष्कळ स्मारकांवर १९१४-१९१९ असंच आहे. आणि मृत्यू तर त्यानंतरही होत राहिले, जखमांनी, आजारांनी. राष्ट्रकुल युद्ध-समाधी आयोग पहिल्या महायुद्धाचे मृत्यू ३१ ऑगस्ट १९२१ पर्यंत मोजतो.

---

शिलालेखवाली | १६ डिसेंबर, सकाळी ११.४०

आणि समजा ती चूक असती, तरीही फोटोत दुरुस्त करायची नसती. फोटोखाली टीप लिहायची. शिलालेखांत शुद्धलेखनाच्या चुका ढिगाने असतात, त्यांवरून कोरणारा कुठला, कसं बोलत होता हे कळतं.

---

अंधारखोली | १६ डिसेंबर, रात्री ८.००

लाल रंगाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. ही युक्ती आम्ही फिल्मच्या काळात लाल काचेची फिल्टर लावून करत होतो, आता ती फुकट आहे.

रंगीत फोटोत तीन थर असतात: लाल, हिरवा, निळा. पांढरा दगड तिन्ही थरांत उजळ असतो. लाल ऑइलपेंट फक्त लाल थरात उजळ असतो, हिरव्या-निळ्यात काळा. त्यामुळे तुम्ही फोटो कृष्णधवल करताना फक्त निळा थर घेतलात तर लाल अक्षरं ठळक काळी दिसतील. उलट फक्त लाल थर घेतलात तर रंग आणि दगड जवळजवळ सारखेच पांढरे होतील, म्हणजे रंग पुसल्यासारखा होईल आणि खाली छिन्नीने जे खोदलंय त्याची सावली तेवढी उरेल.

कळलं ना कशासाठी सांगतोय? ज्याने रंग भरला त्याने आकडा कसा वाचला ते निळ्या थरात दिसेल. कोरणाऱ्याने काय कोरलं ते लाल थरात दिसेल. तुमचा आठ कदाचित रंगाऱ्याचा आहे.

गिंपमध्ये चॅनल मिक्सर आहे, डार्कटेबलमध्येही आहे, दोन्ही फुकट. रॉ फाइलवरच करा. जेपेगमध्ये रंगाची माहिती आधीच चेपलेली असते, लाल भागाच्या कडा चौकोनी-चौकोनी तुटतात.

---

शिलालेखवाली | १६ डिसेंबर, रात्री ८.३५

काका, हे फार मोलाचं आहे. मी शेंदूर फासलेल्या वीरगळांवर करून पाहीन.

कृष्णाकाठ, शनिवारी आणखी एक बघा. युद्धावर गेलेल्यांच्या आकड्यात किंवा दुसरीकडे कुठे निर्विवाद आठ किंवा तीन आहे का? एकाच हाताचं अक्षर एकाच अक्षराशी ताडून पाहायचं, शिलालेख वाचण्यातला हा पहिला धडा. आणि मोजपट्टी घेऊन दगडाची रुंदी-उंची मिलिमीटरमध्ये लिहून आणा. फोटो तिरका असला की आपण संगणकावर चारी कोपरे ओढून सरळ करतो, पण त्यात दगड ताणला जातो किंवा दबतो. खरी मापं हातात असली की प्रमाण बरोबर बसवता येतं.

---

दूरदेशी | १७ डिसेंबर, पहाटे २.५०

फ्रान्समधून लिहितोय, लीलजवळ राहतो. इथून अर्ध्या तासावर न्यव्ह शापेलचं हिंदी सैनिकांचं स्मारक आहे, ७ ऑक्टोबर १९२७ ला उद्घाटन झालेलं, हर्बर्ट बेकरने आखलेलं. गोल आवार, एका अंगाला दगडी जाळी, मधे पंधरा मीटर उंच खांब, त्याच्या माथ्यावर कमळ, दोन्ही बाजूंना दगडी वाघ. ४,७०० हून अधिक नावं. खडकीच्या तिसऱ्या सॅपर्स अँड मायनर्सच्या (लष्करी इंजिनिअरांच्या) २० आणि २१ नंबरच्या कंपन्या २८ ऑक्टोबर १९१४ ला याच गावासाठी लढल्या, त्यामुळे आपल्याकडची नावंही त्या भिंतींवर शोधली की सापडतात.

सांगायचं हे की मी तिथे फोटो काढले तेव्हा आभाळ राखाडी होतं, इथे बहुतेक वेळा तसंच असतं. घरी येऊन एका क्लिकमध्ये सोनेरी संध्याकाळ लावली. वडिलांना पाठवला. ते म्हणाले, तिथे इतकं छान ऊन असतं तर पोरं थंडीने कशाला मेली असती. मी तो फोटो काढून टाकला आणि राखाडी आभाळाचा पाठवला.

---

अंधारखोली | १७ डिसेंबर, सकाळी ९.००

दूरदेशी, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा.

आभाळ बदलण्याची खोड जुनी आहे. बर्लिनच्या राइशस्टागवर (जर्मन संसदेच्या इमारतीवर) लाल झेंडा लावणाऱ्या सैनिकाचा तो १९४५ चा सोव्हिएत फोटो आठवा. त्यात धूर नंतर गडद केला आणि खालच्या एका माणसाच्या मनगटावरचं जादा घड्याळ खरवडून काढलं, कारण दोन घड्याळं म्हणजे लूट केली असं दिसलं असतं. फोटो जगभर गाजला. पण आज तो पाहताना माणसं झेंड्याआधी मनगट बघतात.

वायरबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे, ताईंना पटणार नाही कदाचित. वायर अक्षरांवरून जात असेल तर खोडू नये, कारण तिच्याखालचं अक्षर आपण कल्पनेने भरणार. नुसत्या गिलाव्यावरून जात असेल तर काढायला माझी हरकत नाही.

---

शिलालेखवाली | १७ डिसेंबर, सकाळी ९.४०

काका, खरंच पटत नाही. आज वायर काढली, उद्या पत्रा, परवा शेवाळ. जागेवर जाऊन दोन फूट बाजूला सरकून फोटो घेतला की वायर आपोआप चौकटीबाहेर जाते. चावडीवर ती वायर आहे हीसुद्धा आजची नोंद आहे.

---

अंधारखोली | १७ डिसेंबर, सकाळी ९.५५

सरकून घेता आला तर उत्तमच. नोंदीचा फोटो आणि पानाचा फोटो असे दोन वेगळे करावेत, यावर मी ठाम आहे.

---

कृष्णाकाठ | २१ डिसेंबर, रात्री ११.३०

गावाहून आत्ताच आलो. हात अजून गारठलेत.

रात्री साडेआठला सुरू केलं. पंचायतीच्या शिपायाने पडवीतला दिवा बंद करून दिला. चुलतभावाने बॅटरी धरली. पहिले दोन फोटो फुकट गेले, बॅटरी फार जवळ होती, एक कोपरा पांढरा आणि बाकी काळोख. मग तो सात पावलं मागे गेला आणि बॅटरी भिंतीला जवळजवळ टेकवून धरली. तेव्हा जे दिसलं ते सांगता येत नाही. दिवसा सपाट दिसणारा दगड एकदम खडबडीत झाला. छिन्नीचा प्रत्येक घाव दिसायला लागला. आजूबाजूची पोरं जमली होती, ती एकदम गप्प झाली आणि एक एक इंग्रजी अक्षर मोठ्याने वाचायला लागली.

आठ दिशांचे आठ फोटो झाले. मापं घेतली: ६१२ बाय ४५६ मिलिमीटर. वायर खरंच दोन पावलं डावीकडे सरकल्यावर गेली.

आता आकडा. युद्धावर गेलेल्यांच्या संख्येत शेवटचा अंक आठ आहे आणि तो शाबूत आहे. त्या आठाचा वरचा गोल लहान, खालचा मोठा, आणि मधे जिथे रेघा एकमेकींना छेदतात तिथे खाच सगळ्यात खोल. प्राण दिलेल्यांच्या अंकात मधे तशी खोल खाच नाही. उजवीकडून बॅटरी असलेल्या फोटोत डाव्या बाजूला सावलीच नाही, दगड सपाट आहे. मग काकांनी सांगितल्याप्रमाणे थर वेगळे केले. निळ्या थरात ठसठशीत आठ. लाल थरात डावीकडचे दोन्ही वळसे नाहीसे झाले आणि तीन उरला.

रंगाऱ्याने तीनाचा आठ केला होता.

मला वाटलं होतं उलगडा झाला की बरं वाटेल. पण मुख्याध्यापकांना दाखवलं तर त्यांचा चेहरा उतरला. शाळेत दर २६ जानेवारीला ‘गावचे आठ हुतात्मे’ असं भाषणात म्हणतात. ते म्हणाले, आता आम्ही पाच जण कमी करायचे का? मला उत्तर देता आलं नाही. तीनांत आमचे ते आहेत का, हेही मला सांगता येत नाही.

---

पायपीट | २२ डिसेंबर, सकाळी ७.०५

वाचून सुन्न झालो. फोटो पाहिले. लाल थराचा फोटो पाहताना अंगावर काटा आला.

---

सुभेदार_निवृत्त | २२ डिसेंबर, सकाळी ८.४०

मुख्याध्यापकांना माझा निरोप द्या. दगडावर तीन आहे, तर दगडावर तीन आहे असंच सांगावं. पण त्याचा अर्थ गावाचे तीनच गेले असा होत नाही. दगड लावला त्या दिवशी सरकारदरबारी जे नोंदलेले होते तेवढेच त्यावर आले. दुसऱ्या गावी मामाकडे राहून भरती झाला तो त्या गावच्या दगडावर मोजला गेला असेल. कैदेत बेपत्ता झालेल्याची खबर उशिरा आली असेल. घरी येऊन आजाराने गेलेला कुणी मोजला नसेल.

युद्ध-समाधी आयोगाची यादी संकेतस्थळावर खुली आहे. हिंदी सैनिकांच्या पुष्कळ नोंदींत बापाचं नाव, गाव आणि जिल्हाही दिलेला असतो. गावाचं नाव इंग्रजीत चार-पाच तऱ्हांनी लिहून शोधा, त्या कारकुनांनी कानाला आलं तसं लिहिलं आहे. पलटणीच्या नावावरूनही शोधा. तुमच्या चुलत पणजोबांचं नाव ठाऊक आहे, तेवढं पुष्कळ आहे.

---

शिलालेखवाली | २२ डिसेंबर, सकाळी ९.३०

सुभेदार साहेबांच्या म्हणण्याला जोडून: स्मरणिकेत दोन फोटो छापा. मोठा, वरून-डावीकडून उजेडाचा, कृष्णधवल. त्याच्याखाली लहान, दिवसाचा रंगीत, लाल रंगासकट. रंग भरणाऱ्यालाही वगळू नका. त्याने चुकीचा आकडा भरला, पण अक्षरं विसरली जाऊ नयेत म्हणूनच भरला ना.

आणि फोटोखाली काय काय केलं ते स्पष्ट लिहा.

---

अंधारखोली | २२ डिसेंबर, सकाळी १०.१५

छपाईचं सांगतो. ८ बाय १० इंचाचं पान ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) म्हणजे २,४०० बाय ३,००० पिक्सेल. तुमच्या कॅमेऱ्यात त्याहून पुष्कळ जास्त आहेत, तेव्हा मोठं करायची गरज नाही. दगड आडवा आहे, पान उभं आहे, तर खाली कट्टा आणि हार घेऊन पान भरा, साहेबांचं म्हणणंही राहील.

साध्या मॅपलिथो (बिनचकाकीच्या) कागदावर शाई पसरते आणि सावल्या भरून जातात. म्हणून पडद्यावर दिसतं त्यापेक्षा सावल्या थोड्या मोकळ्या ठेवा, अगदी काळं कुठेच नको. दगडाचा पांढरा कागदाइतका पांढरा करू नका, जरा राखून ठेवा, नाहीतर दगडाची कड पानात विरघळेल. छापखान्यात जेपेग नको, टिफ फाइल द्या, आणि एक पान आधी छापून घ्या, त्याच कागदावर.

मूळ रॉ फाइली दोन ठिकाणी ठेवा. एक प्रत शाळेला द्या.

---

कृष्णाकाठ | ९ जानेवारी, रात्री १०.००

सगळं सांगितल्याप्रमाणे केलं. मुख्याध्यापकांनी मजकूर स्वतः लिहिला. फोटोखालची ओळ इथे देतो, काही चुकलं असेल तर सांगा:

“जुन्या चावडीवरील महायुद्ध-स्मारक, ६१२ × ४५६ मिमी, संगमरवर. रात्री बाजूने प्रकाश टाकून घेतलेले छायाचित्र. कृष्णधवल करताना नंतर भरलेला लाल रंग दाबला आहे, कडेची सावली उजळली आहे, तिरकेपणा मापांनुसार काढला आहे. अक्षरांत काहीही भरलेले नाही, काहीही खोडलेले नाही. दगडावरील आकडा तीन आहे. गावाच्या स्मरणात आठ जण आहेत. उरलेल्यांचा शोध चालू आहे. कुणाच्या घरी पदक, पत्र किंवा पेन्शनचा कागद असल्यास शाळेला दाखवावा.”

आयोगाच्या यादीत दोन नोंदी गावाच्या नावाशी जुळतात. त्यातली एक आमची असावी, बापाचं नाव बरोबर आहे, पलटण ११० मराठा. आजोबा असते तर त्यांना वाचून दाखवली असती. आईला वाचून दाखवली. तिने तारीख कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवली.

---

शिलालेखवाली | ९ जानेवारी, रात्री १०.२०

ओळीत काही बदलू नका.

एक विनंती. तुमची भिंत उत्तरेकडे आहे. साताऱ्याला शून्य सावलीचा दिवस मेच्या दुसऱ्या आठवड्यात येतो. त्यानंतर ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत भर दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला असतो, म्हणजे तुमच्या भिंतीवरून ऊन सरळ खाली घसरत येईल. पाऊस सुरू व्हायच्या आत, मेच्या शेवटच्या आठवड्यात, दुपारी साडेबारा-पाऊणला तिथे जाऊन बघा. पडवीचा पत्रा आडवा येईल, पण पंचायतीने तासभर बाजूला करू दिला तर बॅटरीशिवाय, आरशाशिवाय दिसेल.

---

कृष्णाकाठ | २७ मे, दुपारी २.१०

गावातूनच लिहितोय, मोबाइलवरून. पडवीचा एक पत्रा उतरवला होता, सरपंचांनी स्वतः शिडी धरली. साडेबारा ते एकच्या मधे वीसेक मिनिटं ऊन दगडावरून वरून खाली गेलं. मी कॅमेरा लावला होता, पण पुढे माणसं इतकी होती की मधे फोटो घेता आला नाही. दसऱ्याला हार ठेवणाऱ्या त्या बाई पुढे होत्या. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही. त्यांनी आकड्याच्या खाचेत बोट घातलं आणि विचारलं, हा तीन ना? मी हो म्हणालो. म्हणाल्या, त्यांच्या सासूबाई तीनच सांगायच्या.

शेवटी सव्वाच्या सुमारास ऊन कट्ट्यावर उतरलं तेव्हा एक फोटो मिळाला. रंगीतच ठेवलाय, काही केलेलं नाही. संध्याकाळी घरी गेल्यावर टाकतो.